कपात चहा नसतो तेव्हा

"डॉक्टर, पोरगं एबीसीडी म्हणतंय, शंभरपर्यंत आकडे म्हणतंय. पण पाणी पाहिजे असलं की माझा हात धरून माठाकडं ओढतंय." उचगावच्या दवाखान्यात हे गाऱ्हाणं मी सारखं ऐकतो. पाठोपाठ आजीचा निकाल ठरलेला: "ह्याचा बाबाबी चार वर्षांनीच बोलला."

गेल्या महिन्यात आलेला मुलगा पावणेतीन वर्षांचा. वडील गांधीनगरात कापडाच्या दुकानात, आई घरी शिलाई करते. मी रिकामा कप त्याच्यापुढं धरला, फुंकर मारली आणि म्हणालो, "हाऽ, गरम आहे!" या वयाचं पोर एकतर कप तोंडाला लावतं, नाहीतर "चहा न्हाई" म्हणून हसतं. यानं कप उलटा केला आणि गोल फिरवत बसला. आईला वाटलं, डॉक्टर खेळत बसलेत. बाई, ती तपासणीच होती.

नसलेला चहा आहे असं मानायचं, तर तो आधी मनात उभा करावा लागतो. शब्दाचंही तसंच. 'भाकरी' म्हणताना समोर भाकरी असावी लागत नाही. म्हणून भातुकली आणि बोलणं जोडीनं वाढतं. साधारण सव्वा-दीड वर्षाचं मूल रिकामा कप पितं, दोनच्या आसपास बाहुलीला भरवतं, तिसऱ्या वर्षी ठोकळ्याचा फोन करतं. पुढं "तू पेशंट, मी डॉक्टर" सुरू झालं की पटवणं, भांडणं, रुसवा काढणं सगळं बोलूनच करावं लागतं. बेंदराच्या सणाला आणलेल्या मातीच्या बैलापुढं गवत टाकून पोर "खा की रं" म्हणतं, तेव्हा त्याला हाक मारून उठवू नका. याला महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, ती गावात फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर चालायची. महागडी खेळणी लागत नाहीत.

"पण मोबाईलवर पोएम लावली की बोलायला शिकतंय की!" हा गैरसमज काही केल्या जात नाही. पाठ म्हणणं वेगळं, बोलणं वेगळं. मोबाईल तुमच्या बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही. वर्षभराच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय.

त्याहून संताप येतो तो वेखंड-मध चाटवणाऱ्यांचा, व्हिडिओ पाहून मेंदूचं टॉनिक मागवणाऱ्यांचा आणि जिभेखालची शीर तोडून आणणाऱ्यांचा. जीभ चिकटलेली असेल तर काही उच्चार अडखळतील, पण ते मूल बोटानं दाखवून, हातवारे करून सांगतंच. शिवाय वर्षाच्या आत मध देणं धोक्याचं आहे.

काही काळज्या मात्र सोडून द्या. घरात मराठी, शेजारी सिंधी, दुकानात हिंदी, म्हणून पोर मुकं राहत नाही. एकटंच बाहुलीशी बोलतं, म्हणजे वेडं नाही. मुलगा चूल मांडून बसला तर बसू दे. आणि आईला दोष देणं थांबवा.

पण हाक मारली तरी वळत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोटानं काही दाखवत नाही, दोन वर्षांनी दोन शब्द जोडत नाही, खोटंखोटं काहीच खेळत नाही, गाडीची फक्त चाकं फिरवतं, तर चौथ्या वर्षाची वाट बघू नका. येत असलेले शब्द गेले, तर त्याच आठवड्यात या. कमी ऐकू येत असेल, स्वमग्नता असेल; आधी कान तपासायचे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांनाही दाखवा.

त्या आईला मी फोन कपाटात ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, "मला खेळता येत न्हाई ओ." म्हटलं, त्यानं कप उलटा धरला तर तुम्हीही धरा; तो फिरवेल, तुम्हीही फिरवा. पंधरा दिवसांनी सांगत होती, आता कप उलटा करतो आणि माझ्याकडं बघतो. शब्द अजून नाही. कानाचा रिपोर्ट शुक्रवारी यायचाय.