ध्येय कसें ठरवावें ?

गेल्या सहामाहींत वरच्या वर्गाला मीं ‘माझ्या आयुष्याचें ध्येय’ ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. वह्या तपासतांना मौज वाटली आणि थोडें वाईटही वाटलें. कोणी डॉक्टर होणार होता, कोणी इंजिनिअर, कोणी थोर देशसेवक. पण उद्यां सकाळीं उठून त्यासाठीं आपण काय करणार, हें एकाही वहींत आढळलें नाहीं. एका मुलानें तर प्रांजळपणें लिहिलें होतें, “माझें ध्येय वडिलांनीं मला अजून सांगितलेलें नाहीं.” त्या वहीवर काय शेरा द्यावा हें मला कित्येक दिवस सुचेना.

विद्यार्थिमित्रहो, इच्छा आणि ध्येय ह्यांतील भेद व्याख्येनें समजावीत बसण्यापेक्षां महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांच्या चरित्रांतील एक प्रसंग सांगतों. तो त्यांनीं स्वतःच आपल्या ‘आत्मवृत्त’ ह्या पुस्तकांत नमूद करून ठेविला आहे.

इ. स. १८७५ सालची गोष्ट. कोकणांतील मुरुड गांवच्या ह्या सतरा वर्षांच्या मुलाला एक सरकारी परीक्षा द्यावयाची होती. ती उतरल्यास लहानशा नोकरीचा मार्ग खुला होई. ह्यापलीकडे त्या परीक्षेचें महत्त्व नव्हतें. परीक्षेचें ठिकाण सातारा. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्यें सह्याद्रीचा घाट, आणि वर कोसळणारा पाऊस. तरी हा मुलगा चालत निघाला आणि वेळेवर जाऊन पोंचला. तेथें परीक्षकांनीं त्याच्या कोंवळ्या चेहऱ्याकडे पाहिलें, ‘हा फारच लहान दिसतो’ असें ठरविलें, आणि त्याला परीक्षेस बसूंच दिलें नाहीं ! वयाची अट त्यानें पुरी केली होती. चेहऱ्याला मात्र तो काय करणार?

परत जातांना ती वाट त्याला किती लांब वाटली असेल, ह्याचा विचार ज्यानें त्यानें आपल्याशीं करावा. पुढें त्यानें कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा दिली आणि तो उतरला. नंतर मुंबईस रॉबर्ट मनी ह्या मिशनच्या शाळेंत तो इंग्रजी शिकला. मॅट्रिक झाला तेव्हां त्याचें वय तेवीस वर्षांचें होतें. वर्ग चुकला म्हणून आयुष्य फुकट गेलें असें मानणाऱ्या मुलांनीं हा आंकडा वहींत टिपून ठेवावा. १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक, असा हा पुढचा मार्ग आहे.

येथें एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. सातारची वाट तुडविणाऱ्या त्या मुलाच्या मनांत महिला विद्यापीठ नव्हतें. १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं पुनर्विवाह केला, त्यामुळें गांवाचा बहिष्कार सोसला, आणि विधवांची दैना डोळ्यांपुढें सतत राहिली. त्यांतून १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम निघाला. आश्रम हिंगण्यास गेल्यावर कॉलेजांतील काम आटोपून चिखल तुडवीत ते पायीं तेथें जात. पायपीट जुनी, प्रयोजन नवें. १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें तेव्हां त्यांचें वय अठ्ठावन्न होतें, आणि आरंभींच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. म्हणजे जवळचें लहान ध्येय पुरें केल्यावर त्या उंचीवरून पुढचें दिसलें.

आतां पालकांस एक विनंती, आणि ती करण्यापूर्वीं माझी स्वतःची कबुली. हातानें उत्तम काम करणाऱ्या, पण पुस्तकाशीं न रमणाऱ्या एका मुलाला मीं त्याच्या वडिलांच्या आग्रहास भर घालून कॉलेजांत धाडलें. दोन वर्षें आणि घरचा पुष्कळसा पैसा खर्ची पडल्यावर तो परत आला. आज त्याचा लेथचा कारखाना चांगला चालतो. तो भेटला कीं नमस्कार करतो, कॉलेजाचा विषय कधीं काढीत नाहीं, आणि तेंच मला अधिक लागतें. मुलाला दिशा जरूर दाखवावी. पण त्याचें ध्येय त्याच्याऐवजीं आपण लिहून देऊं नये.

असो. त्या कोऱ्या मनाच्या मुलाच्या वहींत मीं अखेर एवढेंच लिहिलें : “येत्या शनिवारपर्यंत, कोणीही न सांगतां, तुला काय शिकावेंसें वाटतें तें लिहून आण.” शनिवारीं त्यानें एकच ओळ लिहून आणली. घरीं पणजोबांची एक पेटी आहे, तींतले कागद मोडी लिपींत आहेत, आणि ते घरांत कोणालाच वाचतां येत नाहींत. ते त्याला वाचावयाचे आहेत. मीं त्याला मुळाक्षरांचा तक्ता मिळवून दिला. हल्लीं तो रोज पांच अक्षरें गिरवितो.