टॉन्सिलवरील पांढरे ठिपके : घबराट नको, दुर्लक्षही नको

मोताळा व परिसरातील गावांतून बाह्यरुग्ण विभागात येणारे पालक पुष्कळदा एकच तक्रार सांगतात : “लेकराच्या घशात पांढरं दिसतंय.” ठिपके हा आजार नसून लक्षण आहे. त्याची कारणे अनेक असल्याने ही माहिती या अहवालात देत आहोत.

१) विषाणुसंसर्ग : हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. सर्दी, खोकला व ताप असतो. विश्रांती, कोमट पाणी व मिठाच्या गुळण्या यांनी बहुधा आराम पडतो. यास प्रतिजैविकाची गरज नसते.

२) स्ट्रेप्टोकोकस जिवाणू : विशेषतः ५ ते १५ वर्षे वयात आढळतो. एकाएकी ताप येतो, गिळताना वेदना होतात, मानेतील गाठी दुखऱ्या होतात. खोकला सहसा नसतो.

३) घटसर्प : करडा-पांढरा पापुद्रा घशास घट्ट चिकटतो व खरवडल्यास रक्त येते. मान सुजते, श्वास अडतो; विषाचा परिणाम हृदयावर होतो. प्रतिविष देण्यास विलंब झाल्यास जीव जाऊ शकतो.

४) अन्य कारणे : टॉन्सिलच्या खाचांत साठलेले खडे वेदना देत नाहीत, मात्र तोंडास दुर्गंधी येते. तान्ही बालके व मधुमेही यांना बुरशीचा संसर्ग होतो. तंबाखू वा खर्रा खाणाऱ्यांच्या घशात एकाच बाजूस तीन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारा व्रण असल्यास कर्करोगाची तपासणी आवश्यक ठरते.

यांपैकी दुसऱ्या कारणाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. जिवाणूजन्य घसादुखी दोन-चार दिवसांत ओसरते आणि पालक औषध बंद करतात. परंतु उपचार अपुरा राहिल्यास दोन-तीन आठवड्यांनी काही बालकांना संधिवाताचा ताप येतो. मोठे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू करून दहा दिवसांचा क्रम पूर्ण केल्यास हे बहुतांशी टळते. आम्ही वाणिज्य शाखेचे. त्यामुळे हिशेबच मांडतो. एका बाजूस अल्पमोलाच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूस झडपेच्या शस्त्रक्रियेचा लाखोंचा खर्च व आयुष्यभराची औषधे. सन २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या हृदयरोगाचीही तपासणी होते. शाळेतील तपासणी चुकवू नये.

घटसर्पावर लस हेच कवच आहे. ६, १० व १४ आठवड्यांस पेंटाव्हॅलेंट, १६ ते २४ महिने व ५ ते ६ वर्षे या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा, आणि १० व १६ व्या वर्षी टीडी लस शासनातर्फे मोफत मिळते. पहिल्या मात्रा होतात, वर्धक मात्रा मात्र विस्मरणात जातात.

घशात बोट घालून ठिपके खरवडू नयेत. श्वासास त्रास, लाळ गळणे, मानेस सूज किंवा तोंड न उघडणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. वेळेवर पाहिलेला घसा एखाद्या बालकाचे हृदय वाचवितो, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे, ही नम्र विनंती.