पडद्यावरचें शिल्प आणि जाळ्यांतला दोष



मूर्तिकार मातीचा गोळा हातीं घेतो, तो दाबतो, ओढतो, खरडतो आणि त्यांतून आकार निर्माण करितो. हेंच काम आतां संगणकाच्या पडद्यावर करितां येतें, व तुम्हांपैकीं कित्येकांस त्याची गोडी लागली आहे. परंतु या नव्या शिल्पकारांची एक तक्रार वारंवार कानीं येते. मुखवटा अर्धा तयार होतो न होतो तोंच गालावर काळे डाग उमटतात, नाकाचें टोंक पैलू पाडल्यासारखें दिसूं लागतें, किंवा कपाळावर कारणावांचून सुरकुत्या पडतात. विद्यार्थी घाईनें गुळगुळीत करणारा कुंचला, म्हणजे ‘स्मूथ ब्रश’, फिरवूं लागतो. डाग क्षणभर फिके होतात. पण त्यांबरोबर डोळ्यांची कोर आणि ओठांची कडाही पुसली जाते, आणि दोन दिवसांचें काम टाकून द्यावें लागतें. असें कां होतें व त्यावर उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणांसाठीं ‘ब्लेंडर’ हें साधन घेतलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, पडद्यावरची माती ही माती नव्हे. ती आंतून पोकळ असते. तिचा पृष्ठभाग म्हणजे बिंदु, बिंदूंस जोडणाऱ्या कडा आणि कडांनीं वेढलेले लहान लहान तुकडे यांचें एक जाळें होय. त्यासच ‘मेश’ म्हणतात. कुंचला फिरला म्हणजे हे बिंदु सरकतात, इतकेंच. मग अशा सपाट तुकड्यांचा गोळा डोळ्यांस वाटोळा कसा भासतो? आन्री गूरो या फ्रेंच संशोधकानें १९७१ सालीं याची एक युक्ति जगापुढें मांडली. प्रत्येक बिंदूपाशीं किती उजेड पडतो तें गणितानें काढावयाचें, आणि मधल्या जागेंत ती छटा हळूहळू बदलत न्यावयाची. त्यामुळें सांधे दिसेनासे होतात. तात्पर्य, पडद्यावर दिसणारा गुळगुळीतपणा दोहोंपासून येतो: एक जाळ्याच्या आकारापासून व दुसरा उजेडाच्या हिशेबापासून. म्हणून दोषही दोन जातींचे असतात.

त्यांची पारख करण्याची कसोटी सोपी आहे. आकृति सावकाश फिरवावी आणि तिच्या बाह्यरेषेकडे पाहावें. बाह्यरेषा स्वच्छ असून आंत मात्र डाग दिसत असतील, तर दोष बहुधा उजेडाच्या हिशेबांत आहे. बाह्यरेषाच वेडीवांकडी असेल, तर जाळेंच बिघडलें आहे. यानंतर ‘वायरफ्रेम’ चालू करून उघडें जाळें पाहावें. रोग्याची नाडी पाहिल्यावांचून वैद्य औषध देत नाहीं. येथेंही तोच नियम आहे.

आतां दोषांचीं नेहमींचीं कारणें क्रमानें पाहूं.

पहिलें कारण विषम माप. गोळा उभ्या दिशेनें तिप्पट ताणून अंडाकृति केला, तरी साधनाच्या वहींत मूळ गोळाच कायम असतो आणि ताण निराळा मांडलेला असतो. मग कुंचल्याचा ठसा जेथें गोल उमटावा तेथें लांबट उमटतो. ब्लेंडर अशा वेळीं सूचनाही देतो. पण ती वाचण्याची तसदी फार थोडे घेतात. ‘ऑब्जेक्ट मोड’मध्यें जाऊन कंट्रोल व ए या कळा दाबाव्या आणि ‘स्केल’ निवडावें, म्हणजे तिन्ही मापें १ होतात व ताण जाळ्यांत मुरतो.

दुसरें कारण उलटे तुकडे. प्रत्येक तुकड्यास आंतली व बाहेरची अशा दोन बाजू असतात, आणि बाहेरची दिशा दाखविणाऱ्या रेषेस ‘नॉर्मल’ म्हणतात. कांहीं तुकडे उलटे बसले तर तेथें काळा डाग पडतो, आणि फुगविण्याचा कुंचला फिरविला असतां तो भाग उलट खचतो. ‘फेस ओरिएंटेशन’ चालू केलें कीं सामान्यतः बाहेरची बाजू निळी व आंतली तांबडी दिसते. तांबडे ठिपके दिसले कीं चोर सांपडला! ‘एडिट मोड’मध्यें सर्व तुकडे निवडून शिफ्ट व एन् या कळा दाबाव्या.

तिसरें कारण दुहेरी बिंदु. भूमितींत घनास ८ शिरोबिंदु, १२ कडा व ६ पृष्ठें असतात, हें तुम्ही शिकलांच आहां. पडद्यावरील घनाचे बिंदु मोजतां ते ८ न भरतां २४ भरले, तर काय समजावें? सहाही बाजू सुट्या आहेत, केवळ एकमेकींस लागून उभ्या आहेत! अशा आकृतीस कुंचला लागतांच सांधे उकलतात व भेगा पडतात. ‘मर्ज बाय डिस्टन्स’ या आज्ञेनें एकाच जागचे बिंदु एक होतात. मात्र अंतर अगदीं थोडें ठेवावें. नाहींतर पापण्यांसारखे नाजूक भागही एकमेकांस चिकटतील.

चौथें कारण बहुभुज तुकडे. जाळें बारीक करण्याची एक प्रसिद्ध रीत एडविन कॅटमल व जिम क्लार्क यांनीं १९७८ सालीं मांडली. तींत प्रत्येक तुकड्याचे चौकोन होतात. चौकोनी जाळ्यांत सामान्यतः एका बिंदूशीं चार कडा मिळतात, व तेथें पृष्ठभाग सुरेख वळतो. परंतु नळकांड्याचें झांकण ३२ बाजूंचा एकच तुकडा असेल, तर त्याच्या मध्यबिंदूशीं ३२ कडा एकवटतात, आणि त्यांवर वळण देऊं गेल्यास ताऱ्यासारख्या चुण्या पडतात. तेव्हां आरंभींच झांकण चौकोनांनीं भरून घ्यावें.

पांचवें कारण ताण. गोळ्यांतून लांब नाक ओढलें, तरी बिंदु होते तेवढेच राहतात आणि तुकडे मात्र लांबतात. भिजविलेली कणीक एकाच जागीं ओढीत गेल्यास ती तेथें पातळ होते, तसेंच हें. यावर ‘व्होक्सेल रिमेश’ हा उपाय आहे. तो सर्व आकृतीवर सारख्या मापाचें नवें जाळें विणतो. माप निम्में केल्यास तुकडे सुमारें चौपट होतात व संगणक मंदावतो. उलट, माप बोटांमधील फटीहून मोठें ठेविल्यास बोटें जुळून पंजाचें वल्हें होतें. योग्य माप सुचविणारा हात अनुभवानेंच तयार होतो.

हाच क्रम कामांतही ठेवावा: माप, दिशा, दुहेरी बिंदु, बहुभुज, आणि मग नवें जाळें. प्रत्येक उपायापूर्वीं काम निराळ्या अंकानें जतन करावें, व एका वेळीं एकच उपाय करून परिणाम पाहावा. गुळगुळीत करणारा कुंचला सर्वांत शेवटीं. तो वाईट नाहीं. परंतु त्याचें काम शोभा आणण्याचें आहे, दोष झांकण्याचें नव्हे. शुभवर्तमानांत चुना लावलेल्या कबरांची उपमा आहे, ती येथें सहज आठवते. झांकलेला दोष लपूनही राहत नाहीं. तेंच शिल्प त्रिमित छपाईस दिलें, कीं उकललेला सांधा किंवा उलटा तुकडा यंत्रास गोंधळांत टाकतो आणि वस्तु भोंकांची निघते.

शेवटीं पालकांस दोन शब्द. हें शिक्षण खर्चाचें आहे असा समज आहे, तो सर्वस्वीं खरा नाहीं. टॉन रोझेंडाल या डच गृहस्थांच्या पुढाकारानें २००२ सालीं लोकांनीं १,००,००० यूरो वर्गणी जमवून ब्लेंडर सर्वांसाठीं मुक्त केला. तो कोणासही विनामूल्य मिळतो. म्हणून दुसऱ्या एखाद्या साधनाची चोरटी प्रत घरांत आणण्याचें कारण उरत नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, मुलगा किंवा मुलगी तासन् तास एकाच गालाकडे पाहत बसली, तर ती वेळ दवडीत आहे असें लगेच ठरवूं नये. ‘चित्र झालें कां?’ असें विचारण्यापेक्षां ‘दोष कोठें आढळला?’ असें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर ज्या दिवशीं तिला नीट देतां येईल, त्या दिवशीं चित्र अपुरें असलें तरी तिचा अभ्यास पुढें गेला असें समजावें.