प्रतापगडची वाट : एक अभ्यासप्रवास

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात असून बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. आठ किल्ल्यांचे जतन केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार मात्र राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. या नावातील ‘भूप्रदेश’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जगाने मान्यता दिली ती केवळ तटबुरुजांना दिलेली नाही. डोंगर, रान, घाटवाटा आणि समुद्र यांचा राज्यरक्षणासाठी जो उपयोग करून घेण्यात आला, त्या योजकतेला ती दिलेली आहे. साहजिकच, असा किल्ला पाहावयाचा तर त्याच्या भोवतालचा मुलूखही पाहावयास हवा.

शालेय सहलींचा नेहमीचा क्रम याच्या उलट असतो. गाडी पहाटे पुण्याहून निघते, पाचगणीच्या पठारावर घोड्यांपाशी तासभर जातो, महाबळेश्वरात दोन-तीन ‘पॉइंट’ आणि बाजार उरकतो, आणि प्रतापगडावर पोहोचेपर्यंत दुपार कललेली असते. तेथे घाईघाईने अफझलखानाच्या वधाची कथा ऐकविली जाते. ती कथा मुलांना इयत्ता चौथीपासून ठाऊक असते. ती नेमकी याच ठिकाणी का घडली, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर पुण्यापासूनच्या सुमारे १४५ किलोमीटरच्या वाटेवर ठिकठिकाणी विखुरलेले आहे. ते वेचावयाचे तर सहलीला दोन दिवस द्यावेत, मुक्काम वाई किंवा पाचगणी येथे करावा आणि थांबे मोजकेच घ्यावेत.

कात्रज ते सुरूर

पुणे सोडताना कात्रजच्या तलावाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, येथून भूमिगत नळाने शहरात पाणी नेण्यात आले होते. पुढे शिरवळजवळ नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो. खंबाटकीचा डोंगर पार झाला की सुरूर येथे महामार्ग सोडून उजवीकडे वाईचा रस्ता धरावा. या टप्प्यात थांबण्याचे विशेष कारण नाही. जो वेळ वाचेल तो वाईसाठी राखून ठेवावा.

वाई

कृष्णाकाठच्या या नगराला दोन-अडीच तास दिले तरी ते पुरे पडत नाहीत. नदीवरील घाट, रास्ते घराण्याने उभारलेली देवालये आणि त्यांमागील वाडे यांनी अठराव्या शतकातील सधन गावाचे रूप आजही बऱ्याच अंशी राखले आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ तर अभियांत्रिकीचा एक पाठच आहे. देऊळ नदीच्या पात्रालगत असून पूर त्याला दरसाल भिडावयाचा, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून गाभाऱ्याची मागील भिंत त्यांनी माशाच्या तोंडासारखी निमुळती केली. येणारा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. शिक्षकांनी मुलांना मूर्तीच्या भव्यतेइतकाच या भिंतीसमोरही वेळ घालवू द्यावा. नदीकाठी बांधकामाची परवानगी देणाऱ्या पंचायत सदस्यांनीही ही भिंत एकदा पाहून घेतली तर बरे.

वाई हे विद्येचेही पीठ आहे. प्राज्ञपाठशाळा येथलीच, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावी चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशाची रचना मुंबई-पुण्यापासून दूर, नदीकाठच्या तालुक्याच्या गावी होऊ शकते, ही गोष्ट ग्रामीण भागातील शिक्षकांना सांगावयासच हवी. जवळच मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे. घाटावरील मोठी घंटा मूळची पोर्तुगीजांच्या चर्चमधील असून ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आली, असे सांगितले जाते.

प्रतापगडाच्या दृष्टीने मात्र वाईचे महत्त्व वेगळे आहे. १६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला, तो येथे येऊन थांबला. पूर्वी त्याने वाईची सुभेदारी केलेली असल्याने मुलूख त्याच्या परिचयाचा होता. पठारी प्रदेश, नदीचे पाणी, दाणावैरण, तोफा व हत्ती हलविण्यास मोकळी जागा, असे मोठ्या फौजेला लागणारे सर्व काही येथे होते. पावसाळा त्याने वाईसच काढला. दुसऱ्या बाजूस, जुलै १६५९ मध्ये महाराज राजगडाहून प्रतापगडावर आले. दोन्ही ठिकाणांतील अंतर फारसे नाही. पण एक ठिकाण सपाटीचे आणि दुसरे घनदाट रानाचे. पुढील चार महिन्यांचे सारे राजकारण या एका फरकाभोवती फिरत होते. खानाने सपाटी सोडून रानात यावे, यासाठी वकिलांच्या फेऱ्या झाल्या. महाराजांकडून पंताजी गोपीनाथ आणि खानाकडून कृष्णाजी भास्कर ही नावे सर्वांना परिचित आहेत.

पसरणीचा घाट व पावसाचा हिशेब

वाईहून पाचगणीकडे चढणारा पसरणीचा घाट हा भूगोलाचा वर्गच होय. वळणावर गाडी उभी करू नये. जेथे रस्ता रुंद आहे व थांबण्याची सोय आहे तेथेच थांबावे. खाली कृष्णेचे खोरे, धोम धरणाचा जलाशय, समोर पांडवगड आणि पश्चिमेस कमळगड दिसतो. थराथरांचा काळा कातळ, त्यावर सपाट माथा, असे सह्याद्रीचे ठळक रूप येथे एका दृष्टिक्षेपात येते. माथ्यावर गेले की दगडाचा रंग बदलतो. काळ्या कातळाऐवजी तांबडा, छिद्रयुक्त जांभा लागतो. लक्षावधी वर्षांच्या उन्हापावसाने झिजलेल्या कातळाचाच तो अवशेष आहे. पाचगणीचे प्रसिद्ध पठार याच जांभ्याचे बनलेले आहे.

वाई आणि महाबळेश्वर यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी सर्वसाधारणपणे साडेपाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाईस तो एक हजारही गाठत नाही. पर्जन्यछायेची व्याख्या फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मुलांना या रस्त्याने नेणे अधिक परिणामकारक ठरते. दर पाच किलोमीटरला झाडांची उंची, घरांच्या छपरांचा उतार आणि शेतातील पीक यांची नोंद त्यांना करावयास सांगावी.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगत भिलार हे गाव आहे. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने, राज्य मराठी विकास संस्थेच्या माध्यमातून, येथे ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू केला. घरांच्या पडव्यांतून, शाळेतून, देवळातून मांडलेली पुस्तके येणाऱ्या कोणालाही बसून वाचता येतात. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने पाहुण्यांना थांबविण्याचे दुसरे कारणही निर्माण केले, ही बाब पंचायतींनी अभ्यासण्याजोगी आहे. याच तालुक्यातील मांघर २०२२ पासून ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. पर्यटन म्हणजे केवळ हॉटेल व वाहनतळ, या समजुतीला ही दोन्ही गावे परस्पर उत्तर देतात.

महाबळेश्वरी थांबावयाचे ते क्षेत्र महाबळेश्वरास. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांची उगमस्थाने येथील पंचगंगा मंदिरात मानली जातात. श्रद्धेचा हा विषय विज्ञानाच्याही जवळचा आहे. पाऊस जांभ्यात मुरतो, त्याखालील चिकण थरावर अडतो आणि कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पण जांभा पाणी जसे पटकन घेतो तसे ते सोडूनही देतो. त्यामुळे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या टापूतील वाड्यावस्त्यांनाही उन्हाळ्यात टंचाई जाणवते. माथ्यावरील झाडी तुटली, डबर खणले गेले, उतारावर इमारती वाढल्या की झऱ्यांचे आयुष्य आणखी घटते. जानेवारी २००१ मध्ये केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला, त्यामागे हेच कारण होते. या अधिसूचनेकडे विकासातील अडथळा म्हणून पाहण्याची वृत्ती अधूनमधून दिसते. ज्या गावाला एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, त्याने तरी तसे पाहू नये.

मुंबई पॉइंटवरून, हवा स्वच्छ असेल तर, प्रतापगड दिसतो, आणि तो खाली दिसतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर, प्रतापगडची सुमारे १,०८०. हाताशी इतका उंच माथा असताना किल्ला खालच्या डोंगरावर का बांधला, हा प्रश्न मुलांपुढे येथेच टाकावा आणि उत्तर न देता गाडीत बसवावे.

जावळी व पारघाट

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळीचा घाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी बांधला. त्यापूर्वीची वहिवाट पारघाटाची. महाड व बाणकोट या बंदरांतून येणारा माल घाटावर चढे, घाटावरचा माल कोकणात उतरे, आणि दोहोंना जावळीच्या रानातून जावे लागे. एका अंगास कोयनेचे खोरे, दुसऱ्या अंगास सावित्रीचे. कोयनेचे पाणी कराडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. सावित्री बाणकोटच्या खाडीत उतरते. या दोन पाण्यांच्या मधल्या धारेवर भोरप्याचा डोंगर उभा आहे. प्रश्नाचे उत्तर हेच. महाबळेश्वरच्या माथ्यावरून दूरवर दिसते, पण वाट अडविता येत नाही. भोरप्यावरून पारघाट जणू हाताच्या अंतरावर राहतो.

हे मोल चंद्रराव मोऱ्यांना ठाऊक होते, विजापूरकरांना होते आणि महाराजांनाही होते. १६५६ च्या प्रारंभी महाराजांनी जावळी घेतली आणि त्यानंतर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली भोरप्यावर प्रतापगड उभा राहिला. खानाची स्वारी येण्यापूर्वी तीन वर्षे ही तयारी झाली होती, याकडे कथाकथनात सहसा दुर्लक्ष होते.

नोव्हेंबर १६५९ मध्ये खान वाईहून निघून रडतोंडीच्या घाटाने कोयनेच्या खोऱ्यात पार गावी उतरला. त्याच्यासाठी रानातून एक वाट मोकळी करून बाकीच्या अडविल्या होत्या, असे ग्रँट डफ नमूद करतो. ‘रडतोंडी’ हे नावच त्या उताराची कल्पना देण्यास पुरेसे आहे. अवजड फौज एकदा त्या खोऱ्यात शिरली म्हणजे तिला वळावयास जागा उरत नव्हती. १० नोव्हेंबर रोजी गडाच्या पायथ्याच्या बाजूस भेट झाली, खान पडला, गडावरून तोफेचा इशारा होताच रानात दबा धरलेल्या मावळ्यांनी पारच्या छावणीवर झडप घातली. अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा महाराजांच्या हाती आला. या वेगाचे कारणही घाटवाटांवरील ताब्यातच शोधावे लागते.

पार गावाला सहली सहसा जात नाहीत. वेळ काढून जावे. येथे रामवरदायिनीचे देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. पुलाच्या दगडावर हात ठेवून उभे राहिलेल्या मुलाला छावणी कोठे होती आणि गड कोठे, हे नकाशावाचून समजते.

गडावर

किल्ल्याचे दोन भाग आहेत, खालचा आणि बालेकिल्ला. खालच्या भागात भवानीमातेचे मंदिर आहे. तुळजापूरला जाणे कठीण झाल्याने महाराजांनी १६६१ मध्ये येथे मूर्तीची स्थापना केली. बालेकिल्ल्यावर केदारेश्वराचे देऊळ व महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने येथे प्रचंड निदर्शने केली. म्हणजे मराठी राज्याच्या मागणीच्या इतिहासातही या गडाला स्थान आहे. तटावरून पश्चिमेस कोकण आणि पूर्वेस कोयनेचे खोरे दिसेल अशा दोन जागा निवडून मुलांकडून नकाशा काढून घ्यावा. गडावरील तळी, पाण्याचे वाहून जाणारे मार्ग आणि तटातील जंग्या यांच्या नोंदी त्यातच होतील.

जागतिक वारसास्थळाच्या स्थितीचा अहवाल शासनाला ठरावीक काळाने द्यावा लागतो. त्यात तटाची डागडुजी येते, तसा परिसरही येतो. तटाची डागडुजी तज्ज्ञांनी करावयाची आहे. परिसराचे काम मात्र कुंभरोशीसारख्या पायथ्याच्या गावांच्या हाती आहे. वाहने कोठे उभी राहावीत, कचरा कोठे जावा, दुकानांच्या पत्र्यांनी गडाचे दर्शन झाकले जाऊ नये, उतारावर नवे बांधकाम कोठवर येऊ द्यावे, हे निर्णय ग्रामसभेपासून सुरू होतात. त्यांसाठी पंचायतींना निधी व तांत्रिक साहाय्य मिळावयास हवे. केवळ परिपत्रके पाठवून हे काम होणार नाही. गावातील तरुणांना इतिहासाचे व भूगोलाचे रीतसर शिक्षण देऊन वाटाड्ये म्हणून तयार केले, तर पाहुण्यांना ऐकीव दंतकथांऐवजी नेमकी माहिती मिळेल आणि रोजगारही गावातच राहील.

ज्यांच्यापाशी तिसरा दिवस असेल त्यांनी पोलादपूर-महाडमार्गे रायगडास जावे. आंबेनळीचा उतार मात्र ऑक्टोबर ते मे या काळातच करावा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला आणि हा घाट अनेक ठिकाणी खचून वाहतुकीस बंद पडला होता. पावसाळी सहल काढण्याचा आग्रह पालकांनी धरला तरी मुख्याध्यापकांनी तो मानू नये, आणि इतर दिवसांतही सूर्यास्तापूर्वी घाट उतरून होईल अशा बेताने गड सोडावा.