राजूर घाटातला रानकांदा बघायचाय? मग मे सरताना जा

मलकापूरला रेल्वेतून उतरा, बुलढाण्याकडे जाणारी गाडी धरा, मोताळा मागे टाका आणि राजूर घाटात उतरा. वाट एवढीच, बाकी नकाशा मोबाइलमध्ये आहेच.

बहुतेकांना हा घाट ऑगस्टमध्येच आठवतो. मग कठड्यावर मक्याची बुरकुंडं आणि चिप्सची पाकिटं मागे राहतात. आम्ही गेलो तेव्हा मे सरत आला होता, डोंगर पार भाजून निघाला होता. त्यात ऐन चढावर काळीपिवळीचं इंजिन तापलं. "तासभर तं लागनच भाऊ," ड्रायव्हर म्हणाला. सावली शोधत बाजूच्या उतारावर चढलो, तर मुरमातून सरळसोट दांडे वर आलेले! एक पान नाही, आजूबाजूला गवताची काडी नाही. दांडा गुडघ्याच्या वर, पेन्सिलीएवढा जाड, आणि त्यावर लांब देठांनी खाली लोंबणारी फिकट, मळकट-हिरवट फुलं. उकिडवं बसून पाहिलं की पाकळीच्या मधोमध गडद रेघ दिसते. खालची फुलं मिटलेली, मधली दोन-तीन उघडी, वर नुसत्या कळ्या. एक फूल धड दिवसभरही टिकत नाही, त्यामुळे अख्खा दांडा एकदम फुललेला सापडत नाही. फोटोवाल्यांची पंचाईत.

हाच रानकांदा, म्हणजे कोळकांदा. पानं येतात पाऊस पडल्यावर, तोवर फुलांचा हंगाम आटोपलेला असतो. पावसाळी गर्दी ती पानं तुडवत जाते आणि घाटात धबधब्याशिवाय काही नाही म्हणते.

कांदा म्हणून तोंडात मात्र घालू नका. कंदातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. औषधात वापरायची तर वैद्याने, तीही मोजूनमापून. रसाने कातडीला खाज सुटते. पान चुरगळलं तरी कांद्याचा वास येत नाही, कारण हा कांद्याच्या कुळातला नाहीच, शतावरीच्या कुळातला आहे. जांभळ्या फुलांचा खराखुरा डोंगरी कांदा पाहायचा तर उत्तराखंड गाठावं लागेल.

इतिहास हवाच असेल तर थोडक्यात: १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि घाटावरच्या बुलढाण्याची थंड हवा साहेबांना मानवली.

ज्ञानगंगा अभयारण्य जवळच आहे. तिकडे शिरायचं तर वनखात्याची परवानगी काढा. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून तिथे पोहोचला होता. 'आम्हीच अस्सल ट्रेकर' म्हणणाऱ्यांनी त्याच्यापुढे जरा बेताने बोलावं. एरवी भीती अस्वलाची. पहाटे-संध्याकाळी झुडपांत एकटे घुसू नका, बोलत चाला.

कुंडीसाठी कंद उपटू नका. फळं तडकली की आत चपट्या काळ्या बिया असतात, त्याही वाऱ्यासाठी सोडा. घाटाच्या वाटेवर पाणी मिळेल या भरवशावर राहू नका, आणि दहाच्या आत उतारावरून खाली या.