पोटावरची पिशवी आणि शाळेचा दिवस



मागच्या जूनमध्ये पडेगावात आमच्या शाळेत एक आई मुलाला घेऊन आली. प्रवेशाचं सगळं झालं तरी ती उठेना. शेवटी हळूच म्हणाली, "सर, ह्याच्या पोटाला पिशवी आहे. पोरं हसतील का हो?" तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. दवाखान्यात तिला जे शिकवलं होतं, ते मी तिच्याकडून शिकलो. तेच इथे मांडतो. मुलाची ओळख कळेल असं काही लिहीत नाही.

कोलोस्टोमी म्हणजे काय?

मोठ्या आतड्याचं तोंड शस्त्रक्रिया करून पोटावर आणतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. शौच तिथून बाहेर येते आणि चिकटवलेल्या पिशवीत जमा होते. मोठ्यांना हे बऱ्याचदा आतड्याच्या कर्करोगामुळे करावं लागतं. काही बाळांना जन्मतः गुदद्वार नसतं किंवा आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात, त्यांनाही करतात. मुलांमध्ये ती बहुतेक वेळा तात्पुरती असते.

स्टोमा लाल आणि ओलसर दिसतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तरी दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. मात्र तो काळा-निळा पडला, रक्त थांबेना, किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर लगेच दवाखाना गाठा.

घरी काय करावं?

१. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. जड झाली की ती ओढली जाऊन सुटते.

२. पिशवी सकाळी काही खाण्याआधी बदलावी. तेव्हा शौच कमी येते.

३. आजूबाजूची त्वचा कोमट पाण्याने धुवून, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करावी. तेल, क्रीम, पावडर लावू नये. त्याने पिशवी चिकटत नाही.

४. चकतीचं भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं कापावं. जास्त मोठं झालं तर शौच त्वचेला लागून आग होते. लावल्यावर तळहाताने थोडा वेळ दाबून धरावं, उबेने ती नीट बसते.

५. कडेने गळायला लागलं तर वरून चिकटपट्टी मारून वेळ काढू नये. पिशवी बदलावी.

६. जेवण सावकाश, चावून. कांदा, कोबी, राजमा यांनी गॅस होऊ शकतो, पण सगळं एकदम बंद करू नका. एकेक पदार्थ थोडा देऊन बघा. पाणी भरपूर.

७. वापरलेली पिशवी रिकामी करून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी. संडासात टाकली तर तुंबतो.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून यासाठी एक भरलेली बादली वेगळी ठेवावी. उन्हाळ्यात घामाने चकती लवकर सुटते, तेव्हा पिशवी नेहमीपेक्षा लवकर बदलावी लागेल. जादा पिशव्या उन्हात किंवा गाडीत ठेवू नयेत.

शाळेत आपण काय करावं?

दप्तरात छोटी थैली असावी : भोक कापून ठेवलेल्या दोन पिशव्या, मऊ कापड, पाण्याची बाटली, जुना कागद, एक जादा चड्डी. आम्ही त्या मुलाला दाराजवळ बसवलं आणि एक खूण ठरवली. पेन्सिल उभी धरली की तो न विचारता उठून जायचा. "आत्ताच गेला होतास ना?" हे वाक्य मी सोडून दिलं. पोटाला धक्का बसेल असे खेळ डॉक्टरांना विचारूनच. वर्गाला काय सांगायचं हे मुलाने आणि आईने ठरवायचं, आपण नाही.

घरात आजी-आजोबांना पिशवी असेल तरी हेच लागू. आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही तिथेच काम करते. शंका आली तर शेजारपाजारी नको, अशा ठिकाणी विचारा.

पोरं हसली का? एकदा पिशवीतून आवाज आला तेव्हा दोघं हसली. तो म्हणाला, "माझं पोट बोलतं." मग सगळेच हसले, तोही. आणि गणिताचा तास पुढे सुरू झाला.