वाचनकट्टा : साहित्य आणि कृती

खान्देशातल्या पुरुषांना सोबतीची ददात नाही. हिवाळ्यात बामणोदची वांगी बाजारात आली की मळ्यामळ्यांतून भरीत पार्ट्या सुरू होतात. काड्यांच्या जाळावर वांगी भाजणं, ठेचणं, कळण्याच्या पुऱ्यांची पंगत वाढणं, सगळं पुरुषच करतात आणि झकास करतात. पण अशा पंगतीत वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांना एकमेकांविषयी काय ठाऊक असतं? कापसाचा भाव, केळीचा भाव, पोराला पुण्यात किती मिळतात ते. एकाची रात्रीची झोप उडालीय, हे दुसऱ्याला कळतं ते दवाखान्यात भेटायला गेल्यावर.

तरी त्याच पार्टीत एक गंमत दिसते. जाळापाशी वांगी परतत बसलेला माणूस बोलतो. हात कामात असतात, नजर जाळावर असते, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पुस्तकाला मी त्या जाळाच्या जागी ठेवतो. ‘मला एकटं वाटतं’ असं म्हणायला आपली जीभ वळत नाही. ‘पुस्तकातल्या त्या मास्तराचं एकटेपण मला कळलं’, एवढं म्हणता येतं.

साहित्य : सहा ते आठ माणसं, एक पुस्तक आणि त्याच्या तीन-चार प्रती, एक दोनशे पानी वही, चहा.

आधी माणसं जमवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढून पन्नास जणांना घातलं तर अंगठे पन्नास येतील, माणसं दोन. त्यापेक्षा फोन करावा : ‘गुरुवारी रात्री साडेआठला ये, दीड तासात सुटू.’ वार पक्का, वेळ पक्की, सुटायची वेळही पक्की. सगळे एकाच ऑफिसातले, एकाच भाऊबंदकीतले नकोत. साहेब आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकत्र तर मुळीच नको. वयं मात्र मिसळू द्यावीत. ‘मी काही वाचणारा नाही रे भो,’ असं म्हणणाऱ्याला तर आवर्जून धरावं, तो खोटं बोलत नाही.

जागा घरातली नको. पुरुषांच्या मैफलीचा चहा दर आठवड्याला कुणाची तरी बायको करते आणि तिसऱ्या आठवड्यात कट्टा बंद पडतो, तिचं काही चुकत नाही. जळगावात व. वा. वाचनालय आहे, तालुक्यांच्या गावी सार्वजनिक वाचनालयं आहेत. विचारलं तर संध्याकाळी बसायला कोपरा मिळतो आणि पुस्तकाची एखादी जादा प्रतही. नाहीतर कुणाच्या दुकानाचा ओटा. एप्रिल-मेमध्ये गच्ची, तीही नऊनंतर, त्याआधी फरशीवर बसवत नाही. चहा स्वतः करून थर्मासमधून आणायचा, पाळीपाळीने.

पुस्तक निवडताना लोक हमखास घसरतात. पहिल्याच फटक्याला ‘कोसला’ घेतात, कारण नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. मग नेमाडे थोर की नाहीत यावर दोघं तावातावाने भांडतात, बाकीचे घड्याळ बघतात. ‘कोसला’ वाचायचीच, पांडुरंग आणि त्याचे वडील हा विषय कुठल्याही मुलाला सुटलेला नाही, पण सहा महिन्यांनी. यशाचे सात मार्ग सांगणारी पुस्तकंही बाजूला ठेवावीत. ती वाचून जो तो दुसऱ्याला सुधारायला निघतो.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने करावी. छोटी कादंबरी आहे, भाषा सरळ, आणि परक्या गावात शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर बदलीची नोकरी केलेल्या प्रत्येकाला ओळखीचा वाटतो. त्यानंतर ‘श्यामची आई’. ते पोरांचं पुस्तक म्हणून कुणी नाक मुरडेल. त्याला पुस्तकाची रचना दाखवावी. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमात मित्र जमतात, श्याम आईविषयी सांगतो, बाकीचे ऐकतात. म्हणजे मित्रांची रात्रीची बैठकच ती. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये पाच दिवसांत लिहिलं, पण त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते सहा वर्षं शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांत राहिले होते. दहाव्या वर्षी वाचलेलं हे पुस्तक आई गेल्यावर पन्नाशीत पुन्हा वाचणं हा निराळाच प्रकार आहे. जवळ रुमाल असू द्यावा.

आता बैठक. घरून वाचून या, असं सांगू नये. निम्मे वाचून येत नाहीत, मग शरमेने यायचेच थांबतात. तिथेच मोठ्याने वाचायचं, पाळीपाळीने, अर्धा तास. अडखळणारा अडखळू द्यावा, दुरुस्त करू नये. बहिणाबाईंच्या कविता घेतल्या तर उलटंच होतं, घरी लेवा बोली बोलणारा माणूस एकदम सगळ्यांचा मास्तर होतो. वाचून झालं की प्रत्येकाने एकच सांगायचं : मी कुठल्या ओळीपाशी थांबलो? आवडलं-नावडलं, लेखकाची कुवत, समाजाची अधोगती, हे सगळं त्यानंतर. वयाने मोठा असेल त्याने शेवटी बोलायचं. आपल्याकडे आबा एकदा बोलले की तरुणांना म्हणायला काही उरत नाही.

ओळीबद्दल सांगता सांगता कुणीतरी स्वतःवर घसरतो. मुलगा बोलत नाही, धंदा बसलाय, वडिलांशी अबोला धरला होता आणि ते गेले. या क्षणी आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक पुरुष एकच वाक्य उच्चारतो : ‘मी काय सांगतो भाऊ, तू असं कर…’ हे वाक्य कट्ट्यावर बंद. डॉक्टरचा नंबर हवा असेल तर तो मागेल. आपण ऐकायचं, थोडा वेळ गप्प बसायचं, मग पुन्हा पानावर यायचं. गप्प बसणं सगळ्यात जड जातं. मला अजून नीट जमत नाही.

वहीचं मोल कळायला धुळ्याच्या तुरुंगात जावं लागतं. २१ फेब्रुवारी १९३२च्या रविवारी विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, १९ जूनला अठरावा. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते लिहून घेत होते. त्यांनी लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. ठरलेला वार, एका बैठकीला झेपेल एवढाच भाग, आणि लिहिणारा एक माणूस, एवढ्यावर ते अठरा रविवार उभे राहिले. तिथे गैरहजेरीची सोय नव्हती म्हणा, आपल्याला ती अडचण आहे. आपल्या वहीत तारीख, पान, आणि प्रत्येकाची थांबलेली ओळ एवढंच लिहावं. कुणाचं घरचं दुखणं वहीत जाता कामा नये, आणि चहाच्या टपरीवर तर नाहीच.

चौथ्या-पाचव्या आठवड्याला गळती लागते. लग्नसराई, कापूस वेचणी, निवडणूक, कारणं खरीच असतात. तिघं आले तर तिघांनी वाचावं. भाषण ठोकणाऱ्याच्या हातात पुस्तक द्यावं, वाचताना भाषण करता येत नाही. बाटली आणू नये. बाटलीवरही माणसं मोकळी होतात, पण सकाळी ते बोलणं कुणाला आठवत नाही.

पुस्तक संपलं की एक दिवस बाहेर पडावं. जळगावकरांना बहिणाबाईंचं माहेर आसोदा जवळच आहे, धुळेकरांच्या तर गावातच राजवाडे संशोधन मंडळ. अमळनेरला फेब्रुवारी २०२४मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा आपल्यातले कितीतरी गेले, मांडवात फिरून परत आले. संमेलनात लेखक दिसतो, शेजारी बसलेला माणूस तेवढा दिसत नाही. सहा जणांच्या जीपमध्ये, दोन तासांच्या रस्त्यावर, तो दिसतो.

शेवटचं काम वही सांभाळणाऱ्याचं. त्या दिवशी जो आला नाही त्याला रात्रीच फोन करायचा. का आला नाहीस, हे विचारायचं नाही. एवढंच सांगायचं : ‘आज एकोणसत्तर पानावर थांबलो रे भो. पुढचं पान तुझं आहे.’